उद्यमबागेतल्या कारखान्यात गाड्या कमी करायच्यात? आधी परतीची सोय बघा

तुमचा प्रश्न बाकीच्यांना पण कळावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तुमचं मशीन शॉप, १४० माणसं, त्यातले शंभराच्या वर रोज एकेकटे दुचाकीवर येतात, आवारात जागा उरली नाही त्यामुळे गाड्या गेटबाहेर रस्त्यावर लागतात, कंटेनर आला की वॉचमन अर्धा तास गाड्या हलवत बसतो. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा पिरनवाडीजवळ घसरून पाय मोडून घेतला. मालक म्हणाले काहीतरी करा. तुम्ही पर्यावरण दिनाला पोस्टर लावले, शपथ घेतली, रोपं वाटली, दोन महिने कंपनीची बस पण ठेवली, आणि आता परत सगळं होतं तसंच. तर माणसं बसनं किंवा दोघं दोघं मिळून यावीत म्हणून नेमकं काय करायचं, असं विचारलाय.

मी गेली बावीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवात खानापूर रोडवरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला झाली, नंतर निपाणीपासून खानापूरपर्यंत बऱ्याच कारखान्यांची आणि दोन-तीन कॉलेजची येण्याजाण्याची गणितं जुळवून दिली. तेव्हा हे वाचलेलं कमी आणि बघितलेलं जास्त आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. माणूस कामाला कशानं यायचं हे सकाळी ठरवत नाही. संध्याकाळी घरी कसं पोचणार यावर त्याचं सकाळचं ठरतंय. परतीची खात्री नसेल तर तुम्ही बस फुकट द्या, वर चहा पाजा, तो गाडीच काढणार. आणि मी म्हणतो त्यात त्याचं काही चुकत पण नाही.

तुमची कंपनी बस का रिकामी झाली हे मला न बघताच सांगता येतंय, कारण मी स्वतः हीच चूक केलीय. आम्ही देसूर-गर्लगुंजी बाजूला एक बस लावली होती. पहिला महिना खच्चून भरली, माणसं उभी राहून यायची, आम्ही खूश. दुसऱ्या महिन्यात निम्मी, तिसऱ्यात बारा जण. का तर नंदीहळ्ळीचे एक मामा होते, पन्नाशीचे, टर्नर, कामाला एकदम चोख. बस सव्वापाचला सुटायची. एक दिवस पाच दहाला मामा डब्याची पिशवी घेऊन निघाले आणि सुपरवायझरनं मागून हाक मारली, दोनच पीस राहिलेत तेवढे काढून जा, उद्या सकाळी माल जायचाय. मामा परत आत गेले. पाच चाळीसला बाहेर आले तर बस गेलेली, वर पाऊस. पिरनवाडीपर्यंत चालत, तिथनं देसूर क्रॉसपर्यंत वडापची जीप, आणि पुढं परत अंधारातनं चालत. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गाडीवर हजर. मी विचारलं, "मामा, बस सोडलासा काय?" तर म्हणाले, "साहेब, बस लई चांगली हाय, पण बस माझ्यासाठी थांबत न्हाई आणि घरात म्हस पण थांबत न्हाई. धारेला उशीर झाला की डेअरी बंद होत्या."

त्या एका वाक्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या ट्रेनिंगनं शिकवलं नाही. आपल्याकडचा कामगार हा निम्मा शेतकरी असतोय हे आपण कागदावर विसरतो. पाच वाजता त्याची दुसरी शिफ्ट सुरू होते, धार, गवताचा भारा, रताळ्याच्या नाहीतर बटाट्याच्या रानातलं काम, पोराची ट्यूशन, आणि गाडी ही त्या दुसऱ्या शिफ्टसाठी असते. हे समजून न घेता "बस वापरा, पृथ्वी वाचवा" असं लिहिलेला बोर्ड त्याच्यासमोर धरणं म्हणजे मला तरी त्या माणसाचा अपमान वाटतो.

मग काय करायचं, तर परतीची हमी द्यायची, आणि ती सुद्धा लेखी. जो माणूस त्या दिवशी बसनं, दुसऱ्याच्या गाडीवर, सायकलवर नाहीतर चालत आलाय, त्याला कामामुळं थांबावं लागलं किंवा घरून फोन आला की पोरगं पडलं, आई सिरियस आहे, तर कंपनी त्याला स्वतःच्या खर्चानं घरच्या दारापर्यंत सोडणार. पिरनवाडी नाहीतर मच्छेतला एखादा खात्रीचा ओम्नीवाला आणि दोन रिक्षावाले धरा, गावानुसार दर ठरवून कागद वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवा, महिन्याला हिशोब. आणि यात सुपरवायझरची सही अजिबात ठेवू नका. सही आली की योजना मेली, कारण ज्या माणसानं "दोन पीस काढ" म्हणून थांबवलं त्याच्याकडेच गाडी मागायला जायचं म्हणजे कामगार नको म्हणतो आणि चालत जातो. वहीत नाव, वेळ, गाव, बास. मालक लोक घाबरतात की रोज सगळे फुकट रिक्षानं जातील. तसं होत नाही, जिथं जिथं अशी सोय आहे तिथं तिचा वापर अगदी किरकोळ असतो, माणसाला फक्त ती आहे एवढं माहीत असावं लागतंय. कंटेनर अर्धा तास अडकतो त्याचा खर्च काढून बघा आणि मग हा खर्च शेजारी लिहा, मालकांना वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

आता माणसं जुळवणं. मोबाईलवर फॉर्म पाठवू नका, निम्मे भरत नाहीत आणि भरतात ते काहीतरी भरतात. चहाच्या सुट्टीत एक मोठा कागद टेबलावर पसरा, त्यावर बेळगावपासून खानापूरपर्यंतचा रस्ता पेननं काढा, अनगोळ, वडगाव, येळ्ळूर, धामणे, पिरनवाडी, मच्छे, देसूर, गर्लगुंजी, इदलहोंड, आणि प्रत्येकाला स्वतःच्या गावाजवळ नाव लिहायला सांगा. माणसं त्या कागदाभोवती जमतात आणि स्वतःच बोलायला लागतात, अरे तू पण येळ्ळूरचा काय, कुठल्या गल्लीत, मी रोज तिथनंच येतोय की. हे बोलणं महत्त्वाचं. मग प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. घरातनं किती वाजता निघता, परत जाताना कुठं थांबता, आणि तुम्ही गाडी घरी ठेवली तर दिवसभर ती कोण वापरेल. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही पण मला त्यातनं सगळ्यात जास्त मिळालंय. बऱ्याच घरात एकच गाडी असते, ती दिवसभर कारखान्याच्या उन्हात उभी, आणि तिकडं बायकोला दवाखान्याला, मुलीला कॉलेजला जायला वाहन नाही. गाडी घरी राहिली तर घरच्यांचा फायदा आहे हे एकदा घरात कळलं की पुढचं काम घरचेच करतात.

एका गाडीवर दोघं, हा आपल्या भागातला सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारा उपाय आहे. लोक लगेच इलेक्ट्रिक बस, ॲप वगैरेवर जातात, मी म्हणतो आधी मागची सीट भरा. साधा हिशोब, एका बाजूला २० किलोमीटर धरा, महिन्याला २६ दिवस, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर झालं, गाडी लिटरला ५० देत असेल तर २१ लिटर पेट्रोल, शंभराच्या वर भाव धरून महिन्याला दोन हजारापेक्षा जास्त गेले, ऑइल, टायर, सर्व्हिसिंग वेगळंच. आड दिवशी गाडी काढली तर हे सरळ निम्मं. धुराचं पण तसंच, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका माणसाचा महिन्याला जवळपास ४८ किलो, दोघांत वाटला तर २४. पैशाचं मात्र एकमेकांत पाळीनं ठेवायला सांगा, एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. रोज भाडं घ्यायला लागले तर भांडणं पण होतात आणि पांढऱ्या नंबर प्लेटवर भाडं घेणं कायद्यात पण बसत नाही. आणि दुसरं हेल्मेट कंपनीनं द्या, मागं बसणाऱ्याला पण ते सक्तीचं आहे. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली शंभरातली ४४ दुचाकीवरची होती. तुमच्या त्या पोराचा पाय मोडला, तेवढ्यावर निभावलं.

बसचं. पहिल्यांदा टाइमटेबलवर विश्वास ठेवण्याआधी स्वतः एक आठवडा स्टॉपवर उभे राहा, सकाळी पावणेआठ ते पावणेनऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा, आणि बस खरी किती वाजता आली, उभं राहायला जागा होती की नाही हे वहीत लिहा. एवढं केलं की बहुतेक वेळा असं दिसतंय की बस आहे, पण तुमच्या शिफ्टच्या सात मिनिटं आधी जाते किंवा पंचवीस मिनिटांनी येते. अशा वेळी बस हलवण्यापेक्षा शिफ्ट हलवणं सोपं असतंय. साडेआठला अख्खं उद्यमबाग एकदम आत शिरतंय, तिसऱ्या रेल्वे गेटपासून रांग लागते, तुम्ही सव्वाआठ ते पावणेपाच केलात तर तुमची माणसं गर्दीच्या आधी आत आणि गर्दीच्या आधी बाहेर. हे काही मी नवीन सांगत नाही, आपल्याच राज्यात बेंगळुरूला इन्फोसिसमध्ये २००८-०९ ला स्टॅनफर्डच्या लोकांबरोबर असा प्रयोग झाला होता, सुमारे १४,००० कर्मचारी होते, लवकर येणाऱ्याला गुण मिळायचे आणि दर आठवड्याला त्यातनं बक्षिसं निघायची, लवकर येणारे जवळपास दुप्पट झाले. तुम्हाला बक्षिसं पण नकोत, पंधरा मिनिटं पुरेत.

जादा बस पाहिजे असेल तर डेपोला माणसांचा आकडा लागतो. आजूबाजूचे चार-पाच कारखाने मिळून जा, कुठल्या गावचे किती, किती वाजता, असा एक पानी तक्ता घेऊन. "गैरसोय होते" असं लिहिलेल्या अर्जापेक्षा "सकाळी सात पन्नासला गर्लगुंजी क्रॉसवर ३८ माणसं" असं लिहिलेला कागद वेगळाच चालतो.

आणि एक अगदी इथली गोष्ट. बसवरचे बोर्ड कन्नडमध्ये, आपले बरेच जुने कामगार मराठी शाळेत शिकलेले, त्यांना ते वाचता येत नाहीत, ते कंडक्टरच्या ओरडण्यावर नाहीतर ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरनं बस ओळखतात. रोजच्या बसला अडचण नाही, पण वेळ बदलली, रूट बदलला की माणूस गोंधळतो, चुकीच्या बसमध्ये चढायच्या भीतीनं गाडी काढतो, आणि हे कारण तो तुम्हाला कधी सांगणार नाही. उलट कन्नड शाळेत शिकलेला पोरगा तुमच्या मराठी नोटीसपुढं असाच उभा राहतो. म्हणून वेळापत्रक कन्नड आणि मराठी दोन्हीत लावा, उत्तरेकडची पोरं असतील तर हिंदीत पण, मोठ्या अक्षरात, आणि बसवर जे कन्नड अक्षर दिसतंय तेच चित्रासारखं काढून शेजारी गावाचं नाव मराठीत लिहा. मी हे एका ठिकाणी केलं तेव्हा एक आजोबा-वयाचा हेल्पर तो कागद मागून घरी घेऊन गेला, घडी करून पासच्या पाकिटात ठेवायचा. बसमध्ये भाषेवरनं कुणी काही बोललं तर आपल्या माणसानं शांत राहायचं, "मुंद होग्री" म्हटलं की पुढं सरकायचं. वातावरण तापलं की सीमेपलीकडच्या बस बंद पडतात, २०२५ च्या फेब्रुवारीत पण तसं झालं, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका रोजंदारीवाल्याला बसतो, ज्याच्याकडं दुसरं वाहन नाही त्याला.

बायकांचा हिशोब वेगळा करा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसमध्ये प्रवास फुकट आहे, शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. तुमच्या पॅकिंग आणि असेंब्लीतल्या बायका आधीच बसनं येत असतील, त्यांना आणखी पटवायची गरज नाही, त्यांना स्टॉपपासून गेटपर्यंतचा रस्ता नीट करून द्या. दिवा, खड्डा नसलेली कडा, कुत्र्यांचा बंदोबस्त. पाऊण किलोमीटर अंधार असला तर फुकटच्या बसचा काय उपयोग. चंदगड बाजूनं, शिनोळी वगैरेकडनं कुणी येत असेल तर त्यांचं मात्र परत वेगळं, महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे पण दोन्हीकडची सवलत आपापल्या हद्दीपुरतीच. एकाच कामाच्या जागेला येणाऱ्या दोन बायका, एकीला शून्य आणि एकीला पुढचं पूर्ण तिकीट. तो फरक कंपनीनं भरून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, रक्कम छोटी असते.

पार्किंगवर बंदी घालू नका. बंदी घातली की गाड्या शेजारच्या कारखान्यासमोर लागतात आणि भांडण तुमच्या अंगावर. त्यापेक्षा गेटजवळची, पत्र्याखालची, सावलीची जागा दोघं मिळून येणाऱ्यांच्या गाड्यांना आणि सायकलींना द्या, एकट्याची गाडी मागच्या बाजूला. दुसरं, तुम्ही पेट्रोल भत्ता देत असाल तर तो फक्त गाडीवाल्यालाच का, सगळ्यांना "येण्याजाण्याचा भत्ता" म्हणून सारखा द्या, मग ज्याला बसनं येऊन पैसे वाचवायचेत तो वाचवेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९२ ला याच धर्तीचा कायदा झाला, फुकट पार्किंगच्या बदल्यात पैसे घ्यायची मुभा, आणि डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी तिथल्या आठ कंपन्या तपासल्या तर एकटे गाडी आणणारे १७ टक्क्यांनी कमी झालेले. कुणाला जबरदस्ती केली नव्हती.

सवय मोडायची वेळ पण बघावी लागते. दहा वर्षं गाडीवर येणाऱ्या माणसाच्या मागं लागण्यात अर्थ नाही, नवीन भरती झालेला पोरगा पहिल्या आठवड्यात धरा. त्याच्या हातात आयकार्डबरोबरच बसच्या वेळा, त्याच्या गावच्या दोघांची नावं आणि परतीच्या हमीचा कागद द्या. तसंच ज्याचं घर बदललं, शिफ्ट बदलली, गाडी गॅरेजला गेली, त्याला त्याच दिवशी गाठा. लंडनमध्ये २०१४ च्या फेब्रुवारीत भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, लोकांना नाइलाजानं दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या, आणि संप मिटल्यावर साधारण वीसातला एक माणूस त्या नव्या वाटेवरच राहिला, कारण त्याला कळलं की हीच बरी होती. इतकी वर्षं तो बघायलाच गेला नव्हता. आपल्याकडं रस्ता खणला की असंच होतंय, लोक शिव्या देत नवीन वाट धरतात आणि नंतर तीच वापरतात.

सायकलबद्दल खरं सांगतो, अनगोळ, वडगाव, मजगाववरनं येणाऱ्यांना तीन-चार किलोमीटर म्हणजे सायकलचंच अंतर आहे, पण फाउंड्रीत आठ तास भट्टीपुढं उभा राहिलेल्या माणसाला सायकल मार म्हणायची माझी तयारी नाही. ऑफिस, स्टोअर, इन्स्पेक्शनवाल्यांपासून सुरू करा. आणि आधी एखादा मॅनेजर सायकलवर आला पाहिजे, कारण लग्न ठरायच्या वयाच्या पोराला सायकल म्हणजे गरिबी वाटते, चारचौघात उतरताना त्याला लाज वाटते, ती लाज वरचा माणूस सायकलवरनं उतरला तरच जाते. पत्र्याचं स्टँड, पंप, पंक्चरचं सामान, आणि ओला रेनकोट वाळत घालायला दोरी. दोरी विसरू नका, जून ते सप्टेंबर आपल्याकडं कसा पाऊस असतोय तुम्हाला माहीत आहे, ओला रेनकोट कुठं ठेवायचा या एका प्रश्नावर माणसं सायकल सोडतात.

सेकंड शिफ्टला मात्र आत्ता हात लावू नका. रात्री अकराला सुटणाऱ्याला बस नाही, रस्ता सुनसान, त्याची गाडी त्याच्याकडं असू द्या. फार तर एकाच गावचे एकत्र निघतील एवढं बघा.

पर्यावरणाचं बोलूच नये असं नाही. मी लहानपणी टिळकवाडीतनं काँग्रेस रोडनं सायकलवर शाळेला गेलोय, एप्रिलात सुद्धा झाडाखालनं गार वाटायचं, बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ते उगीच नाही. आज त्याच रस्त्यावर सकाळी नऊला डोळे चुरचुरतात आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो, म्हणून तर हे काम सोडवत नाही. पण कामगाराशी बोलताना मी सुरुवात तिथनं करत नाही. त्याचा वेळ, त्याचे पैसे, त्याची म्हैस, आणि तो धडधाकट घरी पोचणं, इथनं बोलतो. झाडांचं तो स्वतः काढतो नंतर, माझ्यापेक्षा चांगलं बोलतो, कारण शेत त्याचं आहे.

मोजायचं कसं विचारलाय तर फार काही नको. महिन्यातनं दोन दिवस, न सांगता, एक मंगळवार आणि एक गुरुवार, वॉचमननं गेटवर चार रकान्यात रेघा ओढायच्या, एकटा गाडीवर, दोघं गाडीवर, बसनं, सायकल किंवा चालत. यात्रेचे दिवस टाळा, सौंदत्तीच्या पौर्णिमेला जादा बस तिकडं जातात आणि वडगावच्या मंगाईच्या यात्रेला निम्मी माणसं रजेवर, आकडा उगीच बिघडतो. पहिले तीन महिने आकडा हलणार नाही, हललाच तर नवीन भरतीवाल्यांमुळं हलेल, तेव्हा मालकांना आधीच सहा महिने सांगून ठेवा.

सुरुवात दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी करा, पाऊस गेलेला असतो. त्याआधी तो रस्त्याचा कागद आणि बसच्या खऱ्या वेळांची वही तयार झाली की मला फोटो पाठवा, गावं आणि शिफ्ट बघून कुणाला कुठली बस आणि कुणाची कुणाशी जोडी हे मी बसून लावून देतो. आणि ओम्नीवाल्याशी दर ठरवताना नंदगडपर्यंतचा पण विचारून ठेवा, शेवटचा माणूस तिथला निघतोच.